भंगारात निघालेले दोन कॉम्प्युटर आणि लिनक्स मिंट : चार महिन्यांनंतर

विट्यात एसटी स्टँडच्या जवळ माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, तीन कॉम्प्युटर, एक ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटर, फोटोसाठी एक इंकजेट आणि उन्हाळ्यात कागद उडवणारा पंखा. २०२५ च्या दिवाळीत तीनपैकी दोन कॉम्प्युटरवरून मी विंडोज काढलं आणि लिनक्स मिंट २२.२ ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. त्याला आता चार महिने झाले. माझ्यासारखी दुकानं चालवणाऱ्यांनी विचारलं म्हणून हे लिहितोय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझे दोन्ही कॉम्प्युटर आय-फाइव्ह सहाव्या जनरेशनचे, २०१६ मध्ये घेतलेले. विंडोज ११ ला साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे मशीन ठणठणीत असूनही नियमात बसत नाही. जिथून मी नेहमी माल घेतो तिथला पोरगा सरळ म्हणाला, "काका, भंगारात घाला. नवीन दोन घ्या, सत्तर हजारात बसवून देतो." मी चार दिवस विचार करतो म्हणालो. नंतर बरंच झालं वाटलं, कारण पुढच्या दोन महिन्यांत रॅमचे भाव असे चढले की सोनं बरं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि डिसेंबरात रॅम बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्या गाळ्यातल्या आठ जीबी रॅमचा अमेरिकेतल्या चॅटबॉटशी काय संबंध, ते मला तेव्हा कळलं.

भाऊबीजेला दुकान बंद होतं, त्या दिवशी मुहूर्त केला. तीनेक जीबीची फाइल आदल्या रात्री उतरवून ठेवली होती, ती रूफस नावाच्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवली. मिंटची मला सर्वांत आवडलेली गोष्ट इथेच आहे : काहीही न पुसता पेन ड्राइव्हवरूनच ते चालवून बघता येतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, स्कॅनर दिसतोय का, सगळं आधी तपासलं आणि मगच ‘इन्स्टॉल’ दाबलं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली होती, त्यामुळे चहा येईपर्यंत काम झालं. मिंटचे दिसण्या-वागण्यात वेगळे असे तीन प्रकार मिळतात : सिनॅमन, मॅटे आणि एक्सएफसीई. मी सिनॅमन घेतलं. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. दुकानात काम करणाऱ्या मुलीला मी दोन दिवस काही सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दादा, तुम्ही नुसता रंग बदललाय का आणखी काय केलंय?"

माझं निम्मं काम ब्राउझरमधलं. सातबारा, आठ-अ, वीजबिल, परीक्षेचे फॉर्म, पीएफचं पासबुक. फायरफॉक्स आधीपासून असतोच. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचे ते दिवस, दारात बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात मोबाइल आणि तोंडात "ओटीपी आला का गं?" दोन्ही मशीन सकाळी नऊ ते रात्री आठ चालू होती. एकदाही अडली नाहीत. मध्येच ‘अपडेट होतंय, बंद करू नका’ असा निळा पडदाही आला नाही. अपडेट आलेलं खाली एका छोट्या ढालीच्या चिन्हावर दिसतं; करायचं तेव्हा करा. मी रविवारी दुपारी करतो, तेही आधी मिंटमधल्याच टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने सिस्टीमची कॉपी घेऊन, म्हणजे बिघडलं तर कालच्या जागेवर परत जाता येतं.

आता पेन ड्राइव्हचं सांगतो. झेरॉक्सवाल्याला विचारा, दिवसाला किती रोगट पेन ड्राइव्ह येतात. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, मूळ फायली गायब, आणि गुरुजी घामाघूम : "उद्या निकालपत्रक द्यायचंय हो!" मिंटवर तो पेन ड्राइव्ह लावला की व्हायरसने लपवलेले फोल्डर उघडे दिसतात, कारण विंडोजची ‘लपवा’ ही खूण लिनक्स मोजतच नाही. शॉर्टकटवर चुकून क्लिक झालं तरी त्यामागचा विंडोजचा प्रोग्रॅम इथे चालत नाही. गुरुजींच्या फायली दोन मिनिटांत हातात दिल्या. त्यांना वाटलं मी मोठा इंजिनिअर आहे. मी काही बोललो नाही.

प्रिंटरने मात्र रडवलं. इंकजेट लावल्या लावल्या ओळखला गेला, पण लेझरची कंपनी लिनक्ससाठी वेगळी डेब फाइल (बसवायचं पॅकेज) देते. ती शोधायला एक संध्याकाळ गेली, आणि बसवल्यावरही स्कॅन होईना. शेवटी स्कॅनचं वेगळं पॅकेज घातलं तेव्हा मिटलं. आधारच्या अंगठ्याचं मशीन तर अजून चालत नाही. माझ्याकडे ज्या कंपनीचं आहे तिचं सॉफ्टवेअर मला फक्त विंडोज आणि अँड्रॉइडवर चालताना दिसलं. ते काम तिसऱ्या मशीनवर.

तिसरं मशीन म्हणजे दहाव्या जनरेशनचं, विंडोज ११ वालं. ते मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही. लग्नपत्रिका. आमच्या धंद्यात श्रीलिपी हे मराठी फाँटांचं सॉफ्टवेअर आणि मांडणीसाठीचं कोरल ड्रॉ यांच्याशिवाय पान हलत नाही, आणि दोन्ही लिनक्ससाठी निघत नाहीत. वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, दिनदर्शिका माझ्याकडे त्याच जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात आहेत. कोरलच्या जागी वापरता येणारं फुकटचं इंकस्केप चांगलं आहे, मी त्यात दुकानाची पाटी केली, पण "मागच्या वर्षी थोरल्याची केली तशीच करा, फक्त नाव बदला" म्हणणारं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना इंकस्केप शिकत बसता येत नाही. एखाद्याचं दुकान फक्त डीटीपीचं असेल तर त्याने मिंटच्या नादी लागू नये, हे मी स्पष्ट सांगतो.

युनिकोड मराठीचं चित्र बरं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट असतोच, ‘कगप’ नावाचा उच्चारी कीबोर्डही असतो. मी इनस्क्रिप्टवाला, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून हात बसला. दुकानातल्या मुलीला इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी काढायची सवय. तिच्यासाठी आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्यातली आयट्रान्स ही इंग्रजी अक्षरांतून मराठी काढायची पद्धत जोडली, पण गुगलच्या टायपिंगइतकं ते समजूतदार नाही. ‘ज्ञ’ काढायला ती अजून चिठ्ठी बघते.

एमएस ऑफिसच्या जागी चालणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्ये साधी कामं निघतात. अडचण येते ती लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या वर्डच्या फायलींची. त्यातला फाँट मंगल, तो इथे नाही, मग त्याच्या जागी दुसरा येतो, ओळी लांबतात आणि एका पानात मावणारा अर्ज दुसऱ्या पानावर फक्त ‘आपला विश्वासू’ घेऊन जातो. एका ग्रामसेवकांनी तो कागद माझ्यापुढे धरला होता, चेहरा आठवतोय. आता मी सगळ्यांना सांगतो, पीडीएफ करून पाठवा.

पासपोर्ट फोटोंसाठी पूर्वी फोटोशॉपात एक बटण दाबलं की आठ फोटो मांडले जायचे. फोटोशॉपच्या जागी वापरतो त्या गिम्पमध्ये तसं तयार मिळालं नाही. मग चार बाय सहाच्या कागदाचं एक टेम्प्लेट केलं : ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, एका ओळीत चार, दोन ओळी. नेमके आठ बसतात आणि कात्रीला थोडी जागाही उरते. करायला तास लागला, पण त्यानंतर रोज वापरतोय.

गेमचं घरातल्या तज्ज्ञाला विचारा. माझा मुलगा अकरावीत आहे, रात्री दुकान मिटल्यावर मधल्या मशीनवर बसतो. त्याचा पहिला प्रश्न व्हॅलोरंटचा. ते लिनक्सवर चालत नाही. त्याचं खेळातली लबाडी पकडणारं व्हॅनगार्ड हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतं आणि लिनक्सला ते दारच नाही. फोर्टनाइटही चालत नाही. "पप्पा, मग हा पीसी मेलाच की." दोन दिवस अबोला. मग त्यानेच व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम हे गेमचं दुकान टाकलं आणि त्यातलं प्रोटॉन चालू केलं. विंडोजसाठी बनलेले गेम लिनक्सवर चालवणारा हा थर व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणला. एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन, ग्राफिक कमीत कमी ठेवून, वेगळ्या ग्राफिक कार्डाशिवाय चालली. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं अडखळते, मग ठीक. शेतीचा तो स्टारड्यू व्हॅली तर प्रोटॉनशिवायच चालतो. आमची चार एकर खानापूर तालुक्यात पडून आहे आणि चिरंजीव रात्री अकरा वाजता स्क्रीनवर पाणी पाजतात.

एकदा शेजारचे हॉटेलवाले अण्णा आत डोकावले आणि म्हणाले, "सरकारनं गेम बंद केले ना रं? ह्यो काय करतोय?" ऑगस्ट २०२५ च्या कायद्याचं त्यांनी ऐकलं होतं. पोराने मान वर न करता उत्तर दिलं, "पैसे लावायचे बंद झालेत अण्णा, आमचे न्हाईत." अण्णांचा रमीवाला अ‍ॅप बंद झालेला, त्यामुळे ते जरा वेळ तिथेच उभे राहिले.

पैशाचा हिशेब : दोन एसएसडी, एक नवी केबल, मिळून चार हजारांच्या आत. मिंट फुकट आहे, पण त्यांच्या साइटवर देणगीची सोय आहे, तिथे मी पाचशे रुपयांच्या आसपास पाठवले. मिंट २२ ची ही मालिका २०२९ पर्यंत सांभाळणार असं त्यांनी सांगितलंय. तोपर्यंत कॉम्प्युटर तेरा वर्षांचे होतील.

माल देणारा पोरगा परवा टोनर द्यायला आला होता. मधल्या मशीनकडे बघून म्हणाला, "काका, ह्यावर विंडोज ११ कसं काय बसवलंत?" मी त्याला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.