टपाचं अस्तर आणि गायब झालेल्या चार सळ्या

माझ्या जुन्या ट्रकच्या केबिनमधलं टपाचं अस्तर फाटून लोंबत होतं. ओळखीतून एक कारागीर मिळाला. "दोन दिवसांत नवं कापड चढवतो, काचेचं रबरही काढावं लागणार नाही," म्हणाला. तिथेच मी उठून यायला हवं होतं.

कारण या केबिनमध्ये अस्तर चिकटवलेलं नसतं, टांगलेलं असतं. कापडाच्या वरच्या बाजूला पायजम्याच्या नेफ्यासारख्या पट्ट्या शिवतात, त्यांतून स्टीलच्या कमानदार सळ्या ओवतात आणि सळ्यांची टोकं टपाच्या दोन्ही कडांच्या भोकांत बसवतात. मग कापड ताणून त्याच्या कडा काचेच्या रबराखाली दाबायच्या. रबर न काढता हे होणार कसं? शिवाय प्रत्येक सळीचा बाक वेगळा, म्हणून काढतानाच त्यांवर क्रमांक टाकतात.

गाडी परत आली तेव्हा एक सुरकुती दिसेना. उरलेले पैसे दिले, वर आभारही मानले!

तीन आठवड्यांनी भर दुपारी डोक्यावर कापडाचा फुगा आला. बोट लावलं तर कापड सुटलं, बोटाला सोल्युशनची चिकट तार आली आणि गंजाचे पापुद्रे मांडीवर पडले. पठ्ठ्याने स्पंजवालं कापड थेट गंजक्या पत्र्यावर चिकटवलं होतं. उन्हात टपाचा पत्रा 70 अंशांपर्यंत तापू शकतो, साधं सोल्युशन तिथे मऊ पडणारच. कडा रबराला लागून ब्लेडने कापलेल्या, रबरालाही चीर. पहिल्या पावसात तिथूनच पाणी आलं. बिलात मात्र "गंज काढणे, प्रायमर, सळ्या बसवणे" असं ठळक लिहिलेलं.

सळ्यांबद्दल विचारलं तर आधी "कुठल्या सळ्या?", मग "गंजल्या होत्या, फेकल्या." नंतर फोन उचलणंच बंद. माझ्याकडे अख्ख्या गाडीचे फोटो आहेत, सळ्यांचा एकही नाही.

तुम्ही काम देणार असाल तर सळ्या उतरवताना समोर उभे राहा, जुना माल परत हवा हे लिहून घ्या आणि कापड चढण्याआधी पत्रा डोळ्यांनी बघा. शेवटचा हप्ता गाडी चार दिवस उन्हात उभी राहिल्यावरच द्या.

मी सध्या पुठ्ठ्याचे साचे कापून नव्या सळ्या वाकवतोय. दोन बसल्या. तिसरी अजून मधोमध पत्र्याला टेकते.