‘मट’ शब्दावर घासून पाहिलेल्या फुकटच्या डिक्शनऱ्या

गावच्या शाळेतल्या पोरांना मोबाइलवर कोणती इंग्रजी डिक्शनरी द्यावी, हे ‘टेबल’ किंवा ‘रिव्हर’ टाकून कळत नाही. तिथं सगळ्याच पास होतात. बोलण्यातला, जरासा चावरा शब्द टाकून पाहावा लागतो. त्यासाठी ‘मट’ उत्तम. स्पेलिंग एम, यू आणि दोन टी; उच्चार ‘कट’सारखा. एक टी गाळून शेवटी ई लावला की तो ‘म्यूट’ होतो आणि पोरं मुक्याचा अर्थ लिहून मोकळी होतात.

शब्द अमेरिकन बोलीतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. ‘मटनहेड’ म्हणजे जड डोक्याचा माणूस. त्याचाच हा तोडलेला तुकडा. आपल्या ‘मठ्ठ’शी त्याचं नातं नाही, आवाज तेवढा जुळतो. आधी तो मूर्ख माणसाला लागला, मिश्र जातीच्या कुत्र्याला नंतर. वऱ्हाडीत पहिल्या अर्थाला ‘बह्याड’ नेमका बसतो, दुसऱ्याला ‘गावठी कुत्रं’.

मेरियम-वेबस्टर पहिला अर्थ माणसाचा देते, कुत्रा दुसऱ्या क्रमांकावर. तिथं अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावायची पद्धत आहे. पहिला क्रमांक म्हणजे आज जास्त चालणारा अर्थ, असं समजू नये. ज्या पोराला ‘पहिला अर्थ उतरवून घे’ अशी सवय लागली आहे, ते इथं हमखास चुकतं. शब्द कुठून आला हे पाहायला मात्र ही डिक्शनरी फार चांगली, शिक्षकाच्या फोनमध्ये असावीच.

आठवी ते बारावीच्या पोरांना ऑक्सफर्ड लर्नर्स द्यावी. व्याख्या साध्या इंग्रजीत असते आणि अर्थाआधी ‘इन्फॉर्मल’, ‘नॉर्थ अमेरिकन’ अशा खुणा असतात. या खुणा वाचायला शिकवलं तर निम्मं काम झालं. ‘इन्फॉर्मल’ म्हणजे गप्पांत चालेल, अर्जात नाही. ‘डिसअप्रूव्हिंग’ म्हणजे बोलणाऱ्याला ती गोष्ट पसंत नाही. ‘ओल्ड-फॅशन्ड’ म्हणजे वाचताना ओळखावा, स्वतः वापरू नये. केंब्रिजचंही असंच, शिवाय तिच्या साइटवर इंग्रजी-मराठी भागही आहे. पण तो इंग्रजी भागापेक्षा लहान, रोजच्या शब्दांपुरता धरावा. रेंज कमी असेल तर गुगलवर शब्दापुढे ‘मीनिंग’ लिहावं. वर जी चौकट येते तिचा मजकूर ऑक्सफर्डचाच असतो आणि दुसरं पान उघडावं लागत नाही.

एका शब्दाला एक मराठी शब्द देणारी जी अॅप जाहिरातींसकट फुकट मिळतात, ती टाळावीत. खूण नाही, वाक्य नाही, अर्थाचा क्रमांक नाही. ‘मट = कुत्रा’ एवढ्यावर पोरगं अर्जात लिहील की गावात मटचा त्रास वाढला आहे.

खरी परीक्षा समानार्थी शब्दांत होते. थिसॉरस उघडला की ‘पूच’, ‘मंग्रेल’, ‘कर’, ‘हाउंड’ असे एका रांगेत दिसतात, आणि ते एकमेकांच्या जागी चालतात असं वाटतं. चालत नाहीत. ‘पूच’ लाडाचा आहे, जातिवंत कुत्र्यालाही लागतो. ‘मंग्रेल’ म्हणजे मिश्र जातीचा. माणसाला म्हटला तर जबर शिवी. ‘कर’ म्हणजे अंगावर येणारं हलकं कुत्रं, आणि त्यावरून भेकड, नीच माणूस. आज तो बहुतेक जुन्या गोष्टींत भेटतो. ‘हाउंड’ हा शिकारी, वासावर किंवा नजरेवर धावणारा. आपल्याकडचे मुधोळ आणि कारवान त्यात बसतात, उकिरड्यावरचा कुत्रा नाही. ‘डॉगो’ आजच्या इंटरनेटवर लाडाचा आहे, पण जुन्या ब्रिटिश बोलण्यात ‘लाय डॉगो’ म्हणजे आवाज न करता दडून राहणं.

सगळ्यात जास्त घोळ ‘मट’ आणि ‘स्ट्रे’ यांत होतो. ‘मट’ जातीबद्दल बोलतो, ‘स्ट्रे’ मालकाबद्दल. सोयाबीनच्या वावरात रानडुकरांच्या राखणीला ठेवलेलं गावठी कुत्रं ‘मट’ आहे, ‘स्ट्रे’ नाही. मालकानं रस्त्यावर सोडून दिलेला जर्मन शेफर्ड ‘स्ट्रे’ आहे, ‘मट’ नाही. ग्रामपंचायतीला मोकाट कुत्र्यांबद्दल इंग्रजीत लिहायचं तर ‘स्ट्रे डॉग्ज’च लिहावं. पिसाळलेल्या कुत्र्याला ‘रॅबिड’. हे तीन शब्द एकमेकांत मिसळले तर दवाखान्याच्या कागदावर भलतंच जाईल.

एक शब्द वर्गात सांभाळून सांगावा लागतो: ‘पराया डॉग’. भारतातल्या गावठी कुत्र्यांसाठी इंग्रजांनी चालवलेलं हे नाव तमिळ ‘परैयर’वरून आलं. ते एका दलित समाजाचं नाव आहे, परै नावाच्या वाद्यावरून पडलेलं. माणसांच्या जातीचं नाव कुत्र्याला लावलं गेलं, हे पोरांना सरळ सांगावं, लपवू नये. आज ‘इंडी’ किंवा ‘इंडियन नेटिव्ह डॉग’ म्हणतात, तेच शिकवावं. समानार्थी शब्दांची नुसती रांग दाखवणारं साधन हा इतिहास दाखवत नाही, म्हणून थिसॉरसमधून उचललेला प्रत्येक शब्द डिक्शनरीत परत उघडून पाहणं भागच आहे.

पाहायची रीत ही: आधी वाक्यात शब्द माणसाला लागलाय की जनावराला ते ठरवा, मग त्या अर्थाचा क्रमांक शोधा, खूण वाचा, उदाहरणाचं वाक्य वहीत उतरवा, आणि शेवटी मराठी शब्द लिहा. मराठी शब्द आधी लिहिला की बाकीचं कोणी वाचत नाही.

जुन्या कोशांच्या स्कॅन प्रती डाउनलोड करणाऱ्यांसाठी एवढंच: मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा, दुसरी आवृत्ती 1873 ची. मराठी प्रतिशब्दांसाठी तो आजही सोन्यासारखा आहे. ‘मट’ त्यात शोधू नका. तो शब्द तेव्हा रूढच झाला नव्हता.