आठ महिने या क्लासला जातेय, पोलीस भरती आणि पीएसआय करणाऱ्यांनी वाचा

मी पावसची, रोज सकाळच्या एसटीने रत्नागिरीत येते. याआधी एका मोठ्या शहरात वर्षभर क्लास केला, नाव घेत नाही, पण तिथे १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले तरी जुन्याच झेरॉक्स चालू होत्या, ३०२ पाठ करा, ४२० पाठ करा. मी सगळं घोकून बसलेले. इथे पहिल्याच दिवशी सरांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, हे बाजूला ठेव गो, खून आता भारतीय न्याय संहितेत १०३ ला गेला आणि फसवणूक ३१८ ला. जुन्या दंड संहितेच्या ५११ कलमांची ३५८ झाली आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं! त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले, बाबांनी आंब्याच्या पैशातून फी भरली होती त्या वर्षाची.

सर खात्यातून रिटायर झालेत, शिपाई म्हणून लागून पीएसआय होईपर्यंत सगळं केलेलं माणूस. कलम नुसतं पाठ नाही करू देत, कागद लिहायला लावतात. आणि यासाठीच मी पाच स्टार देतेय.

एक तास सांगतेच. सरांनी टेबलाखाली एक कोयता, एक फुटकी बाटली आणि एक साखळी ठेवली, दोघींना पंच केलं आणि म्हणाले करा पंचनामा. मी लिहिलं, रक्ताने माखलेला कोयता, सोन्याची साखळी. सरांनी दोन शब्दांखाली लाल रेघ ओढली. रक्त आहे हे तुला कोणी सांगितलं, लॅबचा रिपोर्ट आला काय? वास घे. कोकमाचं आगळ होतं ते! मग समजावलं की 'रक्तासारखे लालसर डाग' असंच लिहायचं, साखळी 'पिवळ्या धातूची' म्हणायची, डोळ्याला दिसतं तेवढंच, कारण कोर्टात आरोपीचा वकील पहिला त्याच शब्दाला धरतो. मग दारापासून कोयता किती फुटांवर, कुठल्या दिशेला, मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेचं सील आणि पंचांच्या सहीची चिठ्ठी, सगळं चार वेळा लिहून घेतलं. आता झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग पण करावं लागतं, नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे पोलिसांच्या तपासाच्या पद्धतीच्या नव्या कायद्याचं १०५ कलम, ते आम्ही मोबाईलवर करून बघितलं.

फिर्याद पण तशीच. होडीवरचं जाळं चोरीला गेलं असं धरून लिहायचं, तर सर आधी विचारतात किंमत किती, कारण ५ हजारांच्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, आणि पहिलाच गुन्हा असेल नि माल परत केला तर शिक्षा म्हणून समाजसेवा. हद्द आपली नाही म्हणून माणसाला परत पाठवायचं नाही, झिरो एफआयआर घ्यायची, हे तर सर दर आठवड्याला म्हणतात. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा का धरत नाहीत हे मला इथेच पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगते, त्यानंतर मला हे काम जास्त करावंसं वाटायला लागलं. सागरी सुरक्षेचा तास पण भारी, १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटकं आपल्याच कोकण किनाऱ्यावर, रायगडातल्या शेखाडीला उतरली होती, आमच्या अर्ध्या बॅचला माहीत नव्हतं.

आता जे बरं नाही ते. वर पत्रे आहेत, पावसाळ्यात सर काय बोलतात ते मागच्या बाकावर ऐकूच येत नाही. गणित-बुद्धिमत्तेला आठ महिन्यात तीन जण बदलले, टेस्ट सिरीज पण कच्ची आहे, ती बाहेरून लावा. ग्राउंड भाट्याच्या वाळूत पहाटे साडेपाचला, मुलींचं ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० मार्क असतात म्हणजे ग्राउंड बुडवून चालत नाही, पण खेड्यातून त्या वेळेला गाडीच नाही आणि मुलींना कपडे बदलायला जागा पण नाही. हे सरांना दोनदा सांगितलंय, बघतो म्हणालेत, यावर खरंच काहीतरी करायला हवं.

फी हप्त्याने घेतात. एप्रिल-मेमध्ये आंबा काढणीमुळे निम्मी मुलं येत नाहीत, त्यांच्यासाठी तेच तास जूनमध्ये परत होतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ज्यांना विचार करायचाय त्यांनी गुरुवारी जा, पंचनाम्याचा तास त्या दिवशी असतो, सर मागे बसू देतात.