सरळ रेघेचा आलेख दाखवून डीएसपी विकणाऱ्यांपासून सावध

टेबलावरच्या स्पीकरांसाठी डीएसपी (वेगवेगळे सूर कमी-जास्त करून आवाज सुधारणारी पेटी) घ्यायचा विचार असेल आणि विकणारा 'घरी येऊन कॅलिब्रेशनही', म्हणजे खोली मोजून सेटिंग जुळवून, 'देतो' म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला ज्याने गंडवलं त्याची पेटी अगदीच टाकाऊ नव्हती, म्हणून तर पितळ उघडं पडायला वेळ लागला.

जाहिरात होती 32-बिट, 192 किलोहर्ट्झची. गृहस्थ आले, माइक स्टँडवर चढवला, लॅपटॉपवरून स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा मोजणीचा सूर) सोडले आणि शेवटी कुठला सूर किती मोठा वाजतो ते दाखवणारे दोन आलेख समोर ठेवले. 'आधी'चा आलेख म्हणजे घाटरस्ता. 'नंतर'चा 40 हर्ट्झपासून 15 किलोहर्ट्झपर्यंत जवळजवळ सरळ. मग रिमोटने डीएसपी चालू-बंद करून ऐकवला. चालू केला की आवाज भरदार, बंद केला की मेलेला. व्यवहार झाला.

पुढे आवाज जरा वाढवला की खालचे सूर फाटायला लागले. तेच स्पीकर, तोच अँप. आधी कधी असं होत नसे. सेटिंग बघायला गेलो तर सॉफ्टवेअरला पासवर्ड. 'बदल हवा तर आम्हीच करणार, व्हिजिटचे वेगळे पडतील,' हे उत्तर.

पासवर्ड असला तरी पेटी काय करतेय ते बाहेरून मोजता येतं, आणि ही गोष्ट असले लोक गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. डीएसपीचा आउटपुट अँपला न देता साउंड कार्डाच्या लाइन-इनला जोडायचा आणि रूम ईक्यू विझार्ड या फुकट सॉफ्टवेअरमधून स्वीप सोडायचा. यात माइक नाही, खोली नाही. येणारा आलेख निव्वळ फिल्टरांचा, म्हणजे पेटीने कुठला सूर किती वाढवला-घटवला त्याचा.

तो काढल्यावर पहिलं दिसलं ते असं की 'बंद'चा प्रीसेट (पेटीत साठवून ठेवलेली सेटिंग) मुळात बंद नव्हताच. सगळ्या पट्ट्यात तो 4 डीबी (डेसिबल) खाली ठेवला होता. कानाची खोड अशी की जरा मोठा वाजणारा आवाज त्याला 'चांगला' वाटतो. एखाद-दुसऱ्या डीबीलाही तो भुलतो. 4 डीबी म्हणजे तर उघड लबाडी.

डाव्या आणि उजव्या चॅनेलचे फिल्टर तंतोतंत सारखे निघाले. माझा डावा स्पीकर कोपऱ्यात आहे, उजव्याच्या बाजूला मोकळी जागा. कोपऱ्यात बेस फुगतो, त्यामुळे खरंच मोजलं असतं तर दोन्हीकडे एकच सेटिंग येणं शक्य नव्हतं.

सगळ्यात मजेशीर भाग 140 हर्ट्झच्या खड्ड्याचा. स्पीकरच्या तोंडापासून मागची भिंत साधारण 60 सेंटीमीटर. लाट भिंतीवर आपटून परत येते तेव्हा तिने 120 सेंटीमीटर जास्त कापलेले असतात, म्हणजे या सुराची अर्धी तरंगलांबी, आणि ती थेट येणाऱ्या लाटेला खाऊन टाकते. 'आधी'च्या आलेखात हा खड्डा 15 डीबी खोल होता. त्यावर लावलेला फिल्टर 9 डीबीचा. म्हणजे निदान 6 डीबीचा खड्डा उरायला हवा, पण 'नंतर'च्या आलेखात रेघ सपाट! हे गणित शाळकरी पोरगंही पकडेल. आणि 9 डीबी वाढवणं म्हणजे त्या सुराला अँपकडून जवळपास आठपट पॉवर मागणं. आवाज फाटत होता तो त्यामुळे. स्पीकर भिंतीजवळ सरकवला असता तर खड्डा वरच्या पट्ट्यात गेला असता आणि फुकटात बरंच काम झालं असतं, पण त्यात विकायला काही नाही.

192 किलोहर्ट्झचं म्हणाल तर आलेख 24 किलोहर्ट्झच्या जरा अलीकडे कड्यासारखा तुटत होता, आणि आवाजाचे नमुने ज्या दराने घेतले जातात त्याच्या निम्म्यापर्यंतचेच सूर पकडता येतात, म्हणजे आतलं काम 192 नव्हे, 48 किलोहर्ट्झवर चाललेलं. झाकण उघडलं तर आत एडीएयू1701 चिप. चिप चांगली आहे, टेबलावरच्या जोडणीला पुरेशी आहे, पण ती 28-बिट आहे. खरं सांगून विकली असती तरी मी घेतली असती.

मूळ मोजमापाची एमडॅट फाइल (रूम ईक्यू विझार्ड मोजणी साठवतं ती) मागितली. आधी 'ट्रेड सीक्रेट', मग 'लॅपटॉप फॉरमॅट झाला', मग फोन उचलणं बंद. दरम्यान त्यांच्या नव्या जाहिरातीत 'नंतर'चा आलेख पाहिला. 3 किलोहर्ट्झपाशी बारीक उंचवटा, 9 पाशी खाच. माझ्या आलेखात होतं तसंच, त्याच जागी. खोली मात्र भलत्याच कुणाची.

32-बिटचा दावा जाहिरातीत लेखी असल्यामुळे भांडून पेटीचे पैसे परत मिळाले. कॅलिब्रेशनचे नाही मिळाले, कारण 'सेवा दिली' अशा कागदावर माझी सही घेतलेली होती. तुमच्याकडे अशीच पेटी बसवून गेले असतील तर तक्रार करण्याआधी दोन्ही चॅनेलचे आणि 'बंद' प्रीसेटचे स्वीप मोजून फाइल जपून ठेवा. तक्रार केल्यावर माझ्याकडे पहिला निरोप आला तो 'पेटी पाठवा, फर्मवेअर अपडेट करून देतो' असा, आणि अपडेटच्या नावाखाली जुनी सेटिंग पुसली गेली की हातात काहीच उरत नाही.