लेबलाखाली लेबल: कॉर्न स्नेक घेताना मी कसा फसलो

परवा रिकामे डबे धुवायला काढले. गरम पाण्यात भिजत घातले तर माझी कॉर्न स्नेक मादी ज्यातून आली होती त्या डब्यावरचं लेबल सुटून पाण्यावर तरंगायला लागलं. त्याच्या खाली आणखी एक लेबल निघालं, अक्षर तेच. वरच्यावर लिहिलं होतं: 'ओकीटी ब्लडलाइन, १००% डबल हेट.' खालच्यावर: 'नॉर्मल मादी. अनेरी १००% हेट, ॲमेल ६६% पॉस. हेट.' तीन वर्षं मी वरच्या लेबलाच्या भरवशावर होतो.

ही भाषा नवीन असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. नारिंगी अंग, त्यावर लाल चट्टे, चट्ट्यांना काळी किनार. त्यातला काळा रंग गेला की ॲमेल, लाल गेला की अनेरी, म्हणजे करडा-काळा साप. हे दोन्ही गुण सुप्त आहेत. आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच गुण दिसतो. एकाकडूनच आला तर साप दिसायला साधा नॉर्मल, पण गुण अंगात दडलेला. त्याला म्हणायचं हेट; दोन्ही गुण असे दडलेले असले तर डबल हेट. आणि ॲमेल, अनेरी दोन्ही एकाच सापात उघड दिसले की तो पांढरा-गुलाबी स्नो. म्हणजे स्नो असं काही जनुक नाही, ते जोडीचं नाव आहे. घोस्ट, ब्लिझर्ड, बटर हीसुद्धा अशीच जोडनावं.

माझ्याकडे स्नो नर होता. त्याला डबल हेट मादी मिळाली, तर पिल्लांत साधारण चारास एक स्नो, एक ॲमेल, एक अनेरी, एक नॉर्मल असा हिशेब बसतो. एवढ्यासाठी ही मादी घेतली. विकणारा गोड बोलणारा, माहितीही भरपूर. आईबापांचे फोटो मागितले तर म्हणाला, "अहो दादा, ओकीटी लाइन आहे, जुनी. सापांची कुंडली कोण ठेवतं?" आणि मी हसलो. फसण्याचा क्षण विचाराल तर तो तोच.

'ओकीटी' या शब्दाने माझे डोळे दिपले, म्हणून त्यावर जरा थांबतो. ओकीटी ही साऊथ कॅरोलायनातल्या जास्पर काउंटीमधली शिकार क्लबची जमीन. तिथले साप गडद नारिंगी अंगासाठी आणि ठसठशीत काळ्या किनारीसाठी नावाजले. पुढे तसा दिसणारा कुठलाही साप ओकीटी म्हणून विकला जाऊ लागला. म्हणजे आज हा शब्द कधी जागा सांगतो, कधी नुसतं रूप. रिव्हर्स ओकीटी तर ॲमेलच असतो. पिढ्यान् पिढ्या निवड करून त्याची पांढरी किनार रुंद केलेली असते. मग 'ओकीटी ब्लडलाइन, डबल हेट' याचा अर्थ काय? जागेचं शुद्ध रक्त म्हणायचं, तर ॲमेल आणि अनेरी त्यात कुठून आले, हे विकणाऱ्याने सांगायला हवं. मी विचारलंच नाही. खालच्या लेबलावर तर ओकीटी हा शब्दच नव्हता.

मादी वाढत गेली तशी अंगाने मातकट होत गेली, किनारही बारीकच राहिली. फोन केला की उत्तर ठरलेलं: "अजून दोन-तीन काती टाकू द्या, रंग उघडेल." कॉर्नची पिल्लं मळकट असतात आणि वयाबरोबर त्यांचा रंग खरंच खुलतो, त्यामुळे ही थाप पचली. अर्धं खरं असलेलं खोटं असंच पचतं.

तिसऱ्या वर्षी जोडी लावली. चौदा अंडी, त्यातलं एक फुकट. दोन महिन्यांनी पहिल्या अंड्याला चीर पडली. टॉर्च घेऊन मी नाकाच्या शेंड्यामागे लाल डोळा शोधत होतो, कारण ॲमेल आणि स्नो दोघांचेही डोळे लाल-गुलाबी असतात. काळा डोळा. दुसऱ्या अंड्यातही काळा. तेराच्या तेरा काळे डोळे. सात नॉर्मल, सहा अनेरी.

मादी ॲमेल हेट असती तर प्रत्येक पिल्लाला लाल डोळे येण्याची शक्यता निम्मी होती. तेरापैकी एकालाही न येणं म्हणजे ८१९२ वेळांत एकदा घडणारी गोष्ट. विकणाऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, "नशीब म्हणा. पुढच्या खेपेला येतील." तोपर्यंत मीही मनाशी तेच म्हणत होतो, आता खोटं कशाला सांगू.

लेबल सुटल्यावर सगळं लख्ख झालं. १००% हेट म्हणजे खात्रीने हेट. 'पॉस.' म्हणजे पॉसिबल, कदाचित; आणि ६६% चा अर्थ असा: आई आणि बाप दोघेही ॲमेलला हेट असले तर चारात एक ॲमेल, दोन हेट, एक कोरा. ॲमेल डोळ्याला दिसतो, तो बाजूला निघाला. उरलेल्या तिघांत दोघे हेट, पण कोणते दोघे ते कळत नाही. मादी एकतर हेट असते किंवा नसते, दोनतृतीयांश हेट कुणी नसतं. तो आकडा फक्त आपला अंदाज. आणि अनेरी १०० म्हणजे आईबापांपैकी एक उघड अनेरी होता. अर्थात विकणाऱ्याला जोडी नेमकी माहीत होती. 'कुंडली कोण ठेवतं' म्हणणाऱ्याने कुंडली स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि गिऱ्हाईक दिसल्यावर तिच्यावर लेबल चिकटवलं. दोन्ही लेबलांचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

कळ लागते ती वेगळ्याच गोष्टीची. २०१५ मध्ये संशोधकांनी कॉर्नच्या ॲमेलचं मूळ ओसीए२ या जनुकात शोधलं, आणि आता प्रयोगशाळा टाकलेल्या कातीवरून ॲमेलसकट काही गुण तपासून देतात. मादीने घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात अखंड कात टाकली होती, शेपटीच्या टोकापर्यंत. मी ती चुरगाळून कचऱ्यात टाकली.

माझं नुकसान पैशाचं आणि वेळेचं. एका ओळखीच्याने सनकिस्ड (कॉर्नचाच आणखी एक रंगरूपाचा प्रकार) जोडी घेतली, तिच्या काही पिल्लांना मान सावरता येईना; डोकं उचललं की उलटं वळायचं. स्टारगेझर. हाही सुप्त दोष, सनकिस्डच्या काही वंशांत दडून आलेला. तिथे 'वंश कुठला' हा प्रश्न हौसेचा राहत नाही. क्रीमसिकलचंही तेच: दिसतो सुंदर ॲमेल कॉर्न, पण त्यात एमोरी रॅट स्नेक या वेगळ्या जातीच्या सापाचं रक्त असतं, आणि ते न सांगता विकणारे आहेत.

आता पिल्लं देतोय. गंमत अशी की बाप स्नो असल्यामुळे ती सात नॉर्मल पिल्लं खरोखरच १००% डबल हेट आहेत. मला जे विकलं होतं, नेमकं तेच. प्रत्येक डब्यावर आईबाप काय ते लिहिलंय, दोघांचे फोटो देतोय, आणि आईपुढे 'ॲमेल नाही' असंही लिहिलंय. काल एकाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण ओकीटी ब्लडलाइन आहे का?"