घाट उतरताना हौद्यात माल असेल, तर पिकअपला कोणते ब्रेक पॅड?

बेळगावहून भाजी घेऊन गोव्यात येणारी पिकअप जाताना रिकामी चढते आणि येताना भरून उतरते. चोर्ला घाटातून केरीपर्यंत पुढच्या डिस्क तापतच असतात. म्हणून पॅड घेताना किमतीच्या आधी एकच गोष्ट बघा: भरलेली गाडी उताराला किती वेळ असते?

ऑरगॅनिक पॅड (तंतू रेझिनने, म्हणजे चिकट राळेने, बांधून केलेले) स्वस्त, आवाज नाही, डिस्कही कमी खातात. म्हापसा-पणजीत दुकानांना माल पोचवायला पुरेत. घाटात नकोच. मी एकदा तेच घालून उतरलो. करपल्याचा वास आला, पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी थांबेना. सेकंड गिअरवर आणून कशीबशी कडेला लावली. पॅडमधलं रेझिन अति तापलं की त्यातून वायू सुटतो आणि डिस्कवरची पकड जाते. नंतर चाक खोललं तेव्हा पॅडचं तोंड काचेसारखं चकाकत होतं.

सेमी-मेटॅलिकमध्ये साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो. तो उष्णता ओढून घेतो, त्यामुळे तापल्यावरही ब्रेक लागतो. सकाळी गार असताना पकड जरा कमी, करकर होते, काळी भुकटी पडते, डिस्क लवकर झिजते. हे सगळं मला चालतं. मात्र तीच उष्णता कॅलिपरमधून (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेक ऑइलपर्यंत जाते, आणि आपल्या दमट हवेत ऑइल ओलावा शोषतं. ओलावा शिरलेलं ऑइल लवकर उकळतं आणि पेडल खाली बसतं. त्यामुळे गाडीला चालत असेल तर डॉट ४ दर्जाचं (जास्त तापमानाला उकळणारं) ऑइल घाला आणि दोन वर्षांत बदलाच.

सिरॅमिक शांत, चाकं स्वच्छ ठेवणारे, टिकाऊ. पण महाग, आणि वजनदार गाडीच्या उतारासाठी मी तरी घेणार नाही. कुटुंबाच्या कारला छान.

चोर्ला किंवा अनमोड घाट नेहमीचा असेल, तर सेमी-मेटॅलिकच घ्या. मागचे ड्रमचे लायनरही (ड्रम ब्रेकमध्ये पॅडचं काम करणारा थर) त्याच वेळी तपासून घ्या. ते संपले असतील तर पुढच्या पॅडवर जास्त भार पडतो. मोठ्या ट्रकला बहुधा चारी बाजूंना ड्रमच असतात, तिथे हा प्रश्न लायनरचा.

नवे पॅड घातल्या दिवशी घाट धरू नका. आधी सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, वेग धरून हळूहळू दाबत वीस-तीस ब्रेक मारा, मध्ये गार होऊ द्या. पॅड डिस्कवर बसले की मग माल भरा.