‘अ फूल अँड हिज मनी’ : कंपनी तीच, पण हजेरी कुणाचीच नाही

पुस्तक टाकाऊ नाही, हे आधीच सांगतो. कोल्हापूर-मुंबई रात्रीच्या गाडीत झोप लागत नसेल तर वेळ जाईल, दोनचार ठिकाणी हसूही येईल. पण ज्यांनी या मालिकेतली पहिली दोन पुस्तकं वाचलीत आणि त्यातल्या पोरांवर ज्यांचा जीव जडलाय, त्यांनी खिशात हात घालायच्या आधी थोडं थांबावं.

मालिका रॉबर्ट ॲस्प्रिन या अमेरिकन लेखकाची. विनोदी विज्ञानकथा, तीही फौजेतली. ‘फूल्स कंपनी’ १९९० साली आलं, ‘फूल्स पॅरडाइज’ १९९२ साली. मग सात वर्षं काहीच नाही. १९९९ मध्ये हे तिसरं आलं, ते मुखपृष्ठावर आणखी एक नाव घेऊन : पीटर जे. हेक. (नायकाच्या आडनावाचं स्पेलिंग Phule असं आहे, त्यामुळं माझ्या भाचीला हे महात्मा फुल्यांवरचं पुस्तक वाटलं. वाचायचं ‘फूल’, इंग्रजीत मूर्खाला म्हणतात तसं.)

मी फौजेत स्टोअर सांभाळलं. क्वार्टरमास्टरच्या हाताखालचा माणूस. बूट, घोंगडी, मच्छरदाणी, इश्यू व्हाउचर, आणि ऑडिटवाले आले की पोटात गोळा. त्यामुळं पहिल्या पुस्तकात चॉकलेट हॅरी नावाचा सप्लाय सार्जंट भेटला तेव्हा मला सख्खा भाऊ भेटल्यागत झालं. कागदावर एक, रॅकवर दुसरंच, आणि कुठल्या वस्तूच्या बदल्यात काय मिळतं याचा हिशोब डोक्यात पक्का. असा माणूस प्रत्येक युनिटला असतो. लेखकानं तो बरोबर हेरला होता.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विलार्ड फूल हा शस्त्रं बनवणाऱ्या एका अब्जाधीशाचा पोरगा, ‘स्पेस लीजन’ या अंतराळातल्या फौजेत अधिकारी. लढाई मिटल्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि शांतता करारावर सह्या चालू असतानाच तो वरून गोळीबार करायला लावतो. कोर्ट मार्शल होतं. शिक्षा काय, तर बढती! कॅप्टन करून त्याला एका दलदलीच्या ग्रहावर ओमेगा कंपनीत पाठवतात. बाकीच्या कंपन्यांना नको झालेला सगळा माल तिथं साठवलेला. फौजेत नोकरी केलेल्या माणसाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. आमच्याकडं पण नको असलेल्या माणसाची बदली करताना शिफारसपत्र फार गोड लिहायचे.

हा गडी तिथं जाऊन काय करतो? बॅरेक दुरुस्तीला काढतो आणि अख्खी कंपनी गावातल्या सगळ्यात भारी हॉटेलात नेऊन ठेवतो. सगळ्यांना नवे काळे गणवेश शिवतो, प्रत्येकाच्या मनगटावर बोलायचं यंत्र बांधतो. पैसा सगळा पदरचा. पण खरी गंमत पैशात नाहीच. तो जवानांच्या जोड्या लावतो. टस्कानिनी म्हणजे रानडुकराच्या तोंडाचा, धिप्पाड, सदा पुस्तकात डोकं घातलेला परग्रहवासी. सुपर नॅट म्हणजे एवढीशी पोरगी, कुणी वाकडं बोललं की अंगावर धावून जाणार आणि मार खाऊन येणार. फूल या दोघांची जोडी लावतो. वायरलेसवर बसणारी ‘मदर’ समोरासमोर तोंडातून शब्द काढत नाही, माइक हातात आला की तिची जीभ आवरत नाही; तिला तो बरोबर माइकसमोरच बसवतो. डू-वॉप नावाच्या हातचलाख्या पोराला सुशी नावाचा गुळगुळीत जोडीदार देतो. प्रत्येकाचं खोट असलेलं टोक कुठंतरी उपयोगाला लावतो. नंतर लष्कराच्या नावाजलेल्या तुकडीशी सामना होतो तेव्हा आपण कोण जिंकलं हे बघतच नाही, आपली पोरं कशी उभी राहिली ते बघतो.

आमच्या युनिटला एक मेजर साहेब होते. जवानांच्या बुटाचे नंबर त्यांना तोंडपाठ. स्टोअरमधल्या माणसाला हे जास्त कळतं, कारण चुकीचा नंबर गेला की शिव्या आम्हालाच. अशा साहेबाच्या कंपनीत माणूस कसा वागतो, त्याची चाल कशी बदलते, हे ॲस्प्रिननं हसवत हसवत लिहिलं. दुसऱ्या पुस्तकात कंपनीला अंतराळातल्या एका कॅसिनोची राखण करायची असते. तिथं फूल निम्मी पोरं वेटर, हमाल, पत्तेवाले म्हणून वेशांतर करून घुसवतो आणि गणवेशात त्यांच्या जागी भाड्याचे नट उभे करतो. तेही पहिल्याइतकंच रंगलंय. दोन्ही पुस्तकं माझ्याकडं इतकी फिरलीत की पाठीला फेव्हिकॉल लावून वर ब्राउन टेप मारावी लागली.

आता तिसरं.

कंपनी लँडूर नावाच्या ग्रहावर शांतिसेना म्हणून जाते. तिथं सरकार आणि बंडखोर यांची चढाओढ रणांगणावर नाही, करमणुकीच्या बागांवर चाललीय. कुणाचा पाळणा उंच, कुणाची गाडी जास्त गरगरते. कल्पना झकास! कोल्हापूरकराला तर दोन तालमींची, दोन मंडळांची ईर्ष्या पिढ्यानपिढ्या पाठ. असल्या भांडणात माणूस कसा पेटतो ते आम्हाला नव्यानं सांगायला नको. मला वाटलं, आता हॅरी रोलर कोस्टरचे सुटे भाग कुठून पैदा करतो ते बघायला मजा येणार.

पण लेखकद्वयाला नव्या पाहुण्यांतून सवडच मिळत नाही. मांजराच्या जातीचे परग्रहवासी भरती होतात. सरड्यासारखा एक झेनोबियन अधिकारी कंपनीत वावरतो. एल्विस प्रेस्लीला देव मानणाऱ्या पंथाचा पाद्री येतो. वर कॅप्टनच्या मागं अंतराळातले आयकरवाले लागलेले. प्रत्येक जण दारातून आत येताना आपला विनोद कपाळावर चिकटवूनच येतो, आणि पुढं तोच विनोद परत परत दाखवतो. पाद्र्याची गंमत पहिल्या वेळी फार आवडली. नंतर त्याचं नाव पानावर दिसलं की मी पुढचं वाक्य आधीच म्हणायला लागलो.

आणि जुनी पोरं? ती आहेत. नावं येतात, एकेक संवाद येतो. पण बडा खान्याच्या, म्हणजे फौजेतल्या सामुदायिक जेवणाच्या, फोटोत मागच्या रांगेत फक्त डोकी दिसतात तशी. कुणाचं काही अडलेलं नाही, कुणी कुणासाठी काही करत नाही. पहिल्या पुस्तकात कॅप्टन एखाद्याशी दोन मिनिटं बोलला की त्या माणसाचं पुढं काय होतं याची उत्सुकता लागायची. इथं कॅप्टन बोलतो ते बहुतेक गोष्ट पुढं ढकलायला. पैशाचंही तेच. आधी पैसा हत्यार होता, माणूस ओळखल्यावर काढायचा. इथं तो आधीच निघतो.

दोघांनी मिळून लिहिलं म्हणून बिघडलं, असं मी म्हणणार नाही. टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांनी १९९० मध्ये मिळून ‘गुड ओमेन्स’ लिहिलं, त्यात कुठं सांधा जाणवत नाही. ॲस्प्रिनला तर भागीदारीची सवयच होती. ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ या मालिकेत एकच शहर घेऊन त्यानं कितीतरी लेखकांना त्यात कथा लिहायला बसवलं होतं. पण तिथं प्रत्येकाची कथा ज्याची त्याची. आपल्याकडं पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर एका व्यासपीठावर बसून कथाकथन करायचे, गावोगाव माणसं लोटायची. तिघांचा कार्यक्रम एक, पण पाटलांची कथा मध्येच मिरासदारांनी उचलली असं कधी झालं नाही. विनोदाला श्वास लागतो, आणि तो एका छातीतून आलेला बरा. प्रॅचेट-गेमन सुरुवातीपासून एकत्र होते. इथं मात्र पात्रं एकानं घडवून, वाढवून, मधे सात वर्षं गेल्यावर दुसऱ्याच्या हातात दिलेली दिसतात. नवा माणूस भिडेखातर कुणाला धक्का लावत नाही, म्हणून कुणी बदलतही नाही.

हेक यांच्यावर सगळा राग काढणं अन्यायाचं होईल, कारण या पुस्तकात एक माणूस पहिल्याइतकाच जिवंत आहे : बीकर. फूलचा बटलर. प्रकरणांच्या तोंडाशी याची रोजनिशी येते, अतिशय शिष्ट भाषेत मालकाची उणीदुणी काढलेली. हेक यांनी आधी मार्क ट्वेनला गुप्तहेर करून रहस्यकथा लिहिल्यात आणि त्या ट्वेनचा सचिव सांगतो. म्हणजे मोठ्या माणसाच्या मागं दोन पावलं चालत सगळं टिपणारा निवेदक हा त्यांचा हातखंडा. तो आवाज इथं पक्का लागलाय. रोजनिशीची पानं मी परत वाचली. रोजनिशी संपून प्रकरण सुरू झालं की मात्र परत पोकळ.

आयकरवाल्यांचा भाग म्हणावा तितका चावत नाही. ज्यानं एकदा तरी नोटीस घेतलीय त्याला वाटेल, अजून हाणा की! तसं होत नाही.

पुस्तक मिळवायचं म्हणाल तर गावात शोधू नका. राजारामपुरीत एका दुकानात विचारलं, तर मालक म्हणाले, “स्पर्धा परीक्षेचं काय पायजे असंल तर बोला काका.” शेवटी ऑनलाइन जुनी प्रत मागवली, साडेतीनशे रुपयांत. पानं पिवळी, अक्षर बारीक, चष्म्याचा नंबर वाढलेला असेल तर दिवसाउजेडी वाचा. बांधणी मात्र धड आहे. पहिल्या पुस्तकासाठी याच्या दुप्पट गेले तरी द्या. दुसऱ्यासाठीही द्या. हे तिसरं कुणी वाचायला देणार असेल तरच घ्या. माझं मागायला या, पण पहिली दोन मिळणार नाहीत.

हेक यांच्याच जोडीनं पुढं ‘फूल मी ट्वाइस’ आलं, नंतर आणखी दोन. ॲस्प्रिन २००८ मध्ये गेले. चौथं मी अजून मागवलेलं नाही. कुणी वाचलं असेल तर चॉकलेट हॅरीच्या वाट्याला त्यात काही काम आलंय का, एवढंच कळवा. आलं असेल तर लगेच मागवतो.